पिटूच्या कागदावर सही करण्याबद्दल

ती. अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर पूर्वीसारखी वाकत नाही, तेव्हा इथे कागदावर वाकलो आहे असं समजून घे.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? डाव्या कानात शिट्टी वाजायची ती थांबली का? नवा चष्मा वापरतेस, की तो डबीत जपून ठेवून जुन्यानेच हे वाचते आहेस? जुन्याने वाचत असशील तर आधी जाऊन नवा लावून ये, कारण अक्षर माझं आहे आणि आज मनगट जरा दुखतं आहे. आम्ही इकडे सगळे मजेत आहोत. (हे वाक्य हाताने आपणहून लिहिलं. पत्र म्हटलं की ते येतंच. पुढचं वाचून झालं की ते ठेवायचं का खोडायचं ते तूच ठरव.)

एवढं लांबलचक पत्र कशाला, फोन का नाही केला, असं तू म्हणशील. फोन केला असता, पण तुझ्या घरातला फोन तुझ्या मुलाच्या ताब्यात असतो, आणि मामाचा फोन म्हटला की तो स्पीकरवर टाकून स्वतः शेजारी उभा राहतो. मला जे सांगायचं आहे ते त्याच्याच पोरीबद्दल आहे आणि ते त्याने ऐकायचं नाही. तेव्हा हे तू एकटीने वाच. त्याने विचारलंच, तर मामाने कंबरेबद्दल लिहिलंय असं सांग. पहिल्या ओळीत तसं लिहिलंही आहे, म्हणजे तुला खोटं बोलल्यासारखं वाटायला नको.

तर माझ्यासमोर टेबलावर एक कागद आहे. त्यावर सर्वात वर तुझ्या नातीचं, म्हणजे आपल्या पिटूचं, पूर्ण नाव आहे. (इतकं लांब नाव तिचंच आहे ना, हे बघायला मलाही दोनदा वाचावं लागलं.) त्याखाली छापलंय, ‘सदर उमेदवार विजेचे काम एकट्याने व सुरक्षितपणे करण्यास योग्य आहे, असे मी प्रमाणित करतो.’ आणि त्याखाली टिंबाटिंबांची एक रेघ आहे, तिच्यावर मी सही करायची. बस, एवढंच. इथल्या मोठ्या रुग्णालयाच्या दुरुस्ती विभागात पिटूला वायरमनची जागा मिळाली आहे, सोमवारी रुजू व्हायचं आहे, आणि हा कागद सहीनिशी दिला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. वर्षभर पोरीने घाम गाळला तो या एका रेघेसाठी. आणि मी नऊ दिवस पेनाचं टोपण काढतो आहे आणि लावतो आहे. ही म्हणते, अहो सही करायची आहे की पेनाला हवा द्यायची आहे?

मला भीती वाटते, अक्का. सरळच सांगतो. ‘सुरक्षितपणे’ हा शब्द मी कसा प्रमाणित करू? मी चाळीस वर्षं हे काम केलं, आणि त्यातला एक दिवस तरी सुरक्षितपणे गेला असं मला शपथेवर सांगता येणार नाही. मी वाचलो एवढंच मला माहीत आहे. आणि मी वाचलो याचा दाखला मी दुसऱ्याला कसा देऊ?

तुला आठवत असेल, मी हे काम कुणाकडून शिकलो नाही. अकराव्या वर्षी तुझा रेडिओ उघडला, तू मला ‘खटपट्या’ नाव ठेवलंस आणि लाटण्याने मारलंस. (रेडिओचा धक्का जास्त होता की लाटण्याचा, हे अजून ठरलेलं नाही.) पुढे पुस्तकं मिळतील तशी वाचली, कळली तेवढी कळली, बाकीचं विजेनेच शिकवलं. ती फार कमी बोलते, पण एकदा सांगितलेलं विसरू देत नाही. अशा माणसाकडे गेल्या वर्षी प्रशिक्षण केंद्राच्या व्यवस्थापकबाई आल्या. म्हणाल्या, पोरांना हाताचं काम येत नाही, आणि काम येणारे म्हातारे हातातलं हातातच घेऊन निघून जातात. तुम्ही शिकवा. दोन इंजिनिअर माझी परीक्षा घ्यायला बसले. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची मी तोंडाने सगळी चुकीची उत्तरं दिली, मग त्यांच्याच खोलीतला बिघडलेला पंखा चालू करून दिला, तेव्हा त्यांनी आपसात बघून पास केलं. आता दारावर पाटी आहे, ‘निदेशक’. हा मी. पहिले दोन दिवस मला वाटलं हे कोणी दुसरे गृहस्थ आहेत आणि ते आले की मला खुर्चीवरून उठावं लागेल.

शिकायला चौघं जण. एक इतका उंच की त्याला आम्ही ‘शिडी’ म्हणतो. दुसरा ‘माहितीये’. त्याला काहीही सांगायला लागलं की तो वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणतो, ‘माहितीये सर.’ (मला सर्वात जास्त धास्ती याची आहे. विजेला माहिती असलेली माणसं फार आवडतात.) तिसरा ‘गुपचूप’, ज्याचा आवाज मी अजून नीट ऐकलेला नाही. आणि चौथी पिटू. तिला तूच पाठवलंस. मोबाइलच्या दुकानात सात महिने काचेमागे उभी राहून पोरगी सुकून गेली होती, आणि तू तिच्या हाती चिठ्ठी दिलीस, ‘हिच्या हाताला काहीतरी येऊ दे.’ एवढीच ओळ. तुझ्या चिठ्ठीला मी लहानपणी घाबरायचो तसाच घाबरलो आणि तिला लगेच घरात ठेवून घेतलं. केंद्रात सगळ्यांनी मला सर म्हणायचं, घरात ती आजोबा म्हणते, त्यामुळे पहिला महिनाभर ती मला ‘सरआजोबा’ म्हणत होती. इतर तिघांनीही तेच उचललं. गुपचूपनेसुद्धा मनातल्या मनात उचललं असणार.

आता माझ्या भीतीचं मूळ ऐक. चाळीस वर्षं मला भीती वाटली नाही, कारण काम हाताला येत होतं, तोंडाला येत नव्हतं. शिकवायला लागलो आणि ते तोंडाने सांगावं लागलं. ही वायर अशी धरली तर हात जाईल. ओल्या फरशीवर उभं राहून हे केलंत तर तुम्ही जाल. इथे जॉइंट सैल राहिला तर घर जाईल. सकाळच्या तीन तासांत बारा वेळा कोणी ना कोणी जायचं. पोरं वहीत उतरवून घ्यायची, पण ऐकणारा सर्वात जवळचा कान माझाच. दुसऱ्या महिन्यात मी घरातल्या मिक्सरकडे संशयाने बघायला लागलो. तिसऱ्या महिन्यापासून फ्रिजचं दार रुमालाने उघडतो. न्हाणीघरातला गीझर चालू असला तर आत जात नाही, आणि बंद असला तर गार पाण्यामुळे जात नाही. आमच्या हिला आता खोलीखोलीत येऊन मला दिवे लावून द्यावे लागतात. परवा शेजारीण बसली होती तिच्यासमोर म्हणाली, ‘चाळीस वर्षं लोकांच्या घरी दिवे लावत हिंडले, आणि आता स्वतःच्या घरातलं बटण दाबायला बायको लागते! वायरमन आहेत की मांजर, काही कळत नाही.’ शेजारीण हसून हसून खोकली. मी हसलो नाही. मी तेव्हा तिच्या खुर्चीमागचा प्लग बघत होतो. सैल होता.

आणि लंबू आठवत राहतो. तुझ्या स्वयंपाकघरातला पहिला ट्यूबलाइट ज्याने लावला तो लंबू. वीस वर्षं आम्ही जोडीने काम केलं. एका भर दुपारी तो एका दुकानात वायर जोडत होता, मेन बंद होता, सगळं रीतसर. दुकानदाराच्या भावाला उकडलं. पंखा का फिरत नाही म्हणून त्याने बाहेर जाऊन मेन चालू केला. त्याची काही चूक नाही, त्याला उकडत होतं. लंबू जगला, पण उजव्या हाताची तीन बोटं तेव्हापासून मिटत नाहीत. त्या दिवसापासून माझी सवय अशी, की मेन नुसता बंद करायचा नाही. चिनी मातीचा तो फ्यूज उपसायचा आणि स्वतःच्या खिशात घालायचा. मग जगात कोणालाही कितीही उकडो. पोरांना मी पहिला धडा हाच दिला: फ्यूज आपल्या खिशात, आणि दुसऱ्याच्या खिशावर विश्वास ठेवायचा नाही. तो दुसरा मी असलो तरी नाही.

हा धडा त्यांनी किती मनावर घेतला ते आता सांगतो, आणि कृपा करून हे कोणाला वाचून दाखवू नकोस. एका चार मजली इमारतीत, पहिल्या मजल्यावर शिवणयंत्रांचा कारखाना आहे. तिथे नवीन पॉइंट काढायचा होता. पोरांचं केंद्राबाहेरचं पहिलंच काम. मी पुढे गेलो, तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत कारखान्याचा फ्यूज उपसला, खिशात टाकला, वर जाऊन सांगितलं, ‘बंद केलंय. लागा कामाला.’ चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चौघंही जिना उतरून खाली गेले. मला जरा लागलं. चाळीस वर्षांचा माणूस सांगतोय (म्हणजे चाळीस वर्षं कामाची, वयाने चौसष्ट हे तुला माहीतच आहे). पण धडा माझाच, बोलणार काय? ‘तुमचं चालू द्या’ म्हणालो आणि घरी जेवायला आलो.

मागे काय झालं ते नंतर कळलं. शिडीने वायरीचा माग काढत कारखान्याचा फ्यूज शोधून काढला, खिशात घातला. माहितीये म्हणाला, तुझ्या खिशाचं मला काय, आणि ‘माहितीये कुठला ते’ म्हणत त्याने शेजारचा काढला. तो तिसऱ्या मजल्यावरच्या कचेरीचा निघाला. गुपचूपने काही न बोलता तिसरा काढला. तो खालच्या न्हाव्याचा. पिटूने तिघांचेही खिसे पाहिले, आणि सरळ मुख्य पेटी उघडून आख्ख्या इमारतीचाच काढला. न्हावी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला तसंच खुर्चीत सोडून रस्त्यावर आला. कारखान्यातल्या बायका मात्र खूश, त्यांनी पाय पसरले. पोरांनी तासाभरात काम केलं, अगदी सुरेख केलं, आणि खाली येऊन चौघांनी चार फ्यूज जागच्या जागी बसवले. सगळीकडे दिवे आले. फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्याकडे अंधार. तिथे एक माणूस तोंड उघडं ठेवून बसला होता, दात अर्धा कोरलेला, आणि तोंड उघडं असून त्याला एक अक्षर बोलता येत नव्हतं.

मला घरी फोन आला तेव्हा मी चहा पीत होतो. मी असा तापलो! खिसे तपासा म्हणालो, सगळ्यांचे, शर्टाचे, पँटचे, मागचे, चोरखिसे! बेजबाबदार कुठले! पलीकडे खिसे उलटल्याचे आवाज. मग पिटू हळूच म्हणाली, ‘आजोबा, आमचे चार खिसे झाले. पाचवा कुणाचा?’

पाचवा माझा. तो फ्यूज माझ्या मांडीवर इतका वेळ गरम होत होता आणि मला वाटत होतं चहाची कपबशी. मी तसाच पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून पळालो. दंतवैद्याने माझी माफी ऐकून घेतली आणि फार गोड आवाजात म्हणाला, ‘काका, बसा ना जरा खुर्चीत. तुमचे दात बघतो.’ मी बसलो नाही.

पण अक्का, परत येताना रस्त्यात मला हिशोब लागला. हसण्याजोगं जे होतं ते तिथवर संपलं. मी काढला तो फ्यूज दंतवैद्याचा होता, म्हणजे कारखान्याचा मी काढलाच नव्हता. फ्यूजखालच्या नावांच्या चिठ्ठ्या निघालेल्या होत्या, अंदाजाने उपसला. आणि वर जाऊन त्या चौघांना सांगितलं होतं, बंद केलंय, लागा कामाला. त्यांनी माझ्या शब्दावर त्या वायरला हात घातला असता तर? मी रस्त्याच्या कडेला एका पायरीवर बसलो. एक बाई विचारून गेली, पाणी देऊ का. त्या पायरीवर मी चौघांना मोजत होतो. एक, दोन, तीन, पिटू. पुन्हा एक, दोन, तीन, पिटू.

तेव्हापासून या सहीची मला धडकी भरली. मी ठरवलं की पिटूला नापास करायचं. तुझ्याशी कशाला लपवू? ती नापास झाली तर जागा जाईल, ती रडेल, तू मला लाटणं दाखवशील, पण पोरगी जिवंत राहील. आणि रुग्णालयाचीच इतकी भीती का, हेही तुला सांगतो. दुकानात मेन बंद केला तर दुकानदार कुरकुरतो, घाम पुसतो, संपलं. रुग्णालयात बंद करतो म्हटलं की चार माणसं धावत येतात. तिथे जो तो म्हणणार, चालूमध्येच करा हो, दोन मिनिटांचं तर काम आहे. या धंद्यात जी माणसं गेलेली मी पाहिली ती दोन मिनिटांच्या कामात गेली. दिवसभराच्या कामाला माणूस तयारीने जातो. दोन मिनिटांच्या कामाला तो चहा अर्धा टाकून जातो, कारण परत येऊन प्यायचा असतो.

म्हणून मी तिला फसवायला लागलो. मेन चालू ठेवायचा, हात त्याच्या दांड्यावर ठेवून मी स्वतः तिथे उभा राहायचं, आणि म्हणायचं, ‘पिटू, बंद आहे, लाव हात.’ ती आधी टेस्टर चालू पॉइंटवर लावून त्याचा दिवा लागतो का बघायची, मग वायरला लावायची, आणि म्हणायची, ‘करंट आहे, आजोबा.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा. घाईत असल्यासारखं दाखवलं. रागावून पाहिलं. एकदा तर कळवळून सांगितलं, अगं तिथे माणूस खोळंबलाय. ती टेस्टर काढायचीच. सहा वेळा झालं. सातव्या वेळी मी खरंच बंद केलं आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, आता माझा शब्द आहे, बंद आहे. तिने पुन्हा टेस्टर काढला. मी म्हटलं, ‘आजोबांच्या शब्दावरही विश्वास नाही?’ ती वायरवरची नजर न काढता म्हणाली, ‘आहे ना. पण तुमचा शब्द बंद असला आणि वायर चालू असली, तर?’

मला इतका आनंद झाला की मी तिला ओरडलो.

आणि मग गेल्या आठवड्यातला प्रकार. केंद्रात एक बोर्ड उघडून ती काम करत होती. मी शेजारी उभा. तिने एक जॉइंट केला तो मला जरा सैल वाटला. म्हटलं, बंद आहे ना गं? ती म्हणाली, ‘हो, बंद आहे.’ मी हात पुढे केला, आणि खाडकन माझ्या मनगटावर लाकडी फूटपट्टी बसली. अशी बसली की डोळ्यांसमोर तू उभी राहिलीस. मी म्हटलं, अगं मारतेस काय, चालू आहे का? ती म्हणाली, ‘नाही. बंदच आहे. पण तुम्हाला कुठे माहीत होतं?’ तिघं पोरं गारठून बघत होती. तिने माझीच हजेरीची वही उघडली, तारीख घातली, ‘निदेशक’ असं लिहिलं आणि पुढे लिहिलं, ‘नापास’. गुपचूप हसला. वर्षभरात पहिल्यांदा आवाज आला त्याचा, किनरा आहे.

मी मनगट चोळत बसलो. मिक्सरला घाबरणारा मी, फ्रिजला रुमाल लावणारा मी, आणि उघड्या वायरला हात घालताना मला भीती वाटली नाही, कारण पिटू ‘बंद आहे’ म्हणाली होती. म्हणजे माझी भीती सगळ्या घरभर हिंडत होती आणि जिथे बसायला हवी तिथे नव्हती. या पोरीची भीती मात्र अगदी टेस्टरच्या टोकावर बसलेली. इकडे तिकडे कुठे नाही. फ्रिज ती लाथेने बंद करते.

आता तू सांग. तिच्या बापाला विचारलं तर तो म्हणेल, मुलीने शिडीवर चढायचंच कशाला. त्याचंही मला कळतं, त्याची भीती माझ्यासारखीच आहे, फक्त तो त्या भीतीला अक्कल म्हणतो. म्हणून त्याला विचारत नाही. तू आपल्या घरातली शहाणी. तू ‘कर’ म्हणालीस तर सही करतो, ‘नको’ म्हणालीस तर कागद फाडतो आणि तिला काय सांगायचं ते मी बघून घेतो. पेनाचं टोपण काढून बसलो आहे. तुझ्या शब्दाबाहेर मी आजवर गेलो नाही (रेडिओ सोडून).

हिचा तुला नमस्कार. गुडघ्याला शेक घे, पण विजेच्या पिशवीने नको, गरम पाण्याच्या बाटलीने.

तुझा,
खटपट्या

ता. क. पत्रावर तारीख घातलेली नाही ती विसरून नव्हे. आज सोमवार आहे. सही मी शुक्रवारीच केली, मनगट सुजलेलं असताना, त्यामुळे ती माझ्या सहीसारखी दिसतही नाही. टेबलावर आहे ती झेरॉक्स. पिटू सकाळी साडेआठला डबा घेऊन गेली. तुझा सल्ला मागितला तो मनापासून मागितला, फक्त उशिरा मागितला. आधी मागितला असता आणि तू ‘नको’ म्हणाली असतीस, तर मी ते आनंदाने ऐकलं असतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

ता. क. २. आता अकरा वाजून वीस मिनिटं झाली आहेत. तिने मला फोन करायला बंदी घातली आहे. (‘कामात फोन वाजला की दचकायला होतं, सरआजोबा,’ म्हणाली. माझंच वाक्य आहे.) हातांना काहीतरी काम हवं म्हणून हे एवढं लिहिलं. मघापासून रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली तर मी मोजतो. दोन गेल्या. त्या रुग्णालयाकडेच जाणार, दुसरीकडे कुठे जाणार, हे कळतं, तरी मोजतो.

ता. क. ३. संध्याकाळी सहाला आली. दोन्ही हात पाहिले, दहा बोटं मिटवून दाखवायला लावली, मिटली. पहिल्याच दिवशी तक्रार झाली आहे. एका डॉक्टरने तपासणीच्या खोलीतला दिवा चालूमध्येच दुरुस्त करा म्हटलं, हिने खोली रिकामी करून बंद करूनच केलं, वीस मिनिटं लागली. विभागाच्या मुख्य मिस्त्रीने बोलावून कारण विचारलं. ही म्हणाली, ‘भीती वाटली.’ त्यावर त्याने उद्याही तोच विभाग तिला दिला. हे तिने जेवता जेवता सांगितलं आणि ताटावरच झोपली.

ता. क. ४. हे खरं काम. पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तिचा चौथा दिवस असेल. पहिल्या दिवशी कोणालाही भीती वाटते. चौथ्या दिवशी माणसाला जागा ओळखीची होते, लोक नावाने हाक मारतात, चहा आणून देतात, आणि मग ‘दोन मिनिटांचं काम’ खरंच दोन मिनिटांचं वाटायला लागतं. तेव्हा त्या दिवशी शेजारणीच्या फोनवरून (तुझ्या मुलाच्या नव्हे) रात्री जेवणाच्या वेळी पिटूला फोन कर. डबा पुरतो का विचार, पाय दुखतात का विचार, आणि मध्येच सहज विचार, अजून भीती वाटते का गं? मी विचारलं असतं, पण मला ती बरोबर उत्तर देईल. तुला खरं देईल. ‘हो’ म्हणाली तर मला काही कळवू नकोस, मी समजेन. ‘नाही’ म्हणाली तर लगेच कळव. माझी कंबर फार दिवसांपासून दुखतेच आहे. मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रुग्णालयात दाखल होतो आणि ती जिथे काम करेल तिथली खाट मागून घेतो.